विश्लेषण : प्लेगची लस तीन महिन्यांत आली, मग मानमोडीवर लस का मिळाली नाही? हाफकिन यांच्या आयुष्यातून उलगडणारा साथींचा धडा

मुंबईत प्लेग शिरून साडेतीन महिने झाले होते. लोक मिळेल त्या गाडीने गाव गाठत होते. अशा वेळी, १० जानेवारी १८९७ रोजी, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ३६ वर्षांच्या एका परदेशी संशोधकाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओच्या डोसमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. मात्र हे नाव ज्यांचे, त्यांचे आयुष्य अनेकांना माहीत नाही.

त्यानंतर २१ वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची महासाथ आली. महाराष्ट्रात जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. यवतमाळ जिल्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता, तो प्रांत देशात सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक ठरला. तोवर लस तयार करण्याची पद्धत हाती होती, प्रयोगशाळा होत्या, अनुभवही होता. तरीही मानमोडीवर लस मिळाली नाही. असे का झाले आणि आज फ्लूच्या विषाणूंवरील संशोधन कुठे पोहोचले आहे, हे हाफकिन यांच्या आयुष्याकडे पाहिल्यास चांगले समजते.

हाफकिन कोण होते?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणाऱ्या मेचनिकोव्ह यांना पुढे नोबेल मिळाले.

१८८१ मध्ये रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकल्यावर ते सुटले. विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलण्याची अट होती, ती त्यांनी मानली नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रविषयक वस्तुसंग्रहालयात काम केल्यावर १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. जागा रिकामी होती ती ग्रंथालयात. त्यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हाफकिन डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. भारतातील ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांना ही गोष्ट अखेरपर्यंत खटकत राहिली.

कॉलऱ्याच्या लशीसाठी भारतच का?

पॅरिसमध्ये हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूवर काम केले. कॉलऱ्याची लस टोचण्याचा प्रयत्न स्पेनमध्ये १८८५ मध्ये झाला होता, पण तो वादग्रस्त ठरला होता. हाफकिन यांनी जंतू गिनीपिगच्या शरीरातून एकामागून एक फिरवून त्याची तीव्रता वाढवली. दुसरीकडे उष्णता आणि हवेच्या झोताने त्याचा दुबळा प्रकार तयार केला. आधी दुबळा आणि नंतर तीव्र, अशा दोन टोचण्यांची ही लस होती. १८ जुलै १८९२ रोजी पहिली टोचणी त्यांनी स्वतः घेतली. ताप आला, दंड दुखला, पण ते लवकरच बरे झाले.

स्वतःवर प्रयोग केल्याने लस घातक नाही एवढे दिसते, ती रोग रोखते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी जिथे कॉलरा खरोखर पसरतो अशा ठिकाणी जाणे भाग होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यात उतरले. पुढील अडीच वर्षांत आग्र्यापासून आसामच्या मळ्यांपर्यंत फिरून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली.

कोलकात्यातील झोपडपट्ट्यांत त्यांच्या पद्धतीचे वेगळेपण दिसले. काट्टल बगान वस्तीत साथ सुरू असताना सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर आढळलेले रुग्ण लस न घेतलेल्यांमधील होते. एकच वस्ती, एकच पाणी, एकच हवा; फरक फक्त लशीचा. आज ज्याला आपण तुलनात्मक चाचणी म्हणतो, तिचे हे सुरुवातीचे रूप होते.

एका खोलीत प्लेगची लस कशी तयार झाली?

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईत पाचारण करण्यात आले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते.

एवढ्या साधनांवर तीन महिन्यांत लस तयार होण्यामागे एक मोठे कारण होते. शत्रू कोण, हे आधीच माहीत होते. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू शोधला होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता आणि काचेच्या भांड्यात वाढवता येत होता. हाफकिन यांच्यापुढे उरलेला प्रश्न तो जिवाणू मोठ्या प्रमाणात कसा वाढवायचा आणि कसा मारायचा, एवढाच होता.

उत्तर भारतीय स्वयंपाकघरातले निघाले. मांसरसाने भरलेल्या चंबूत वर तुपाचे काही थेंब तरंगत ठेवले, की जिवाणू त्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखे खाली लोंबत. काही दिवसांनी चंबू हलवला की सुळके तळाला जात आणि वर नवी वाढ सुरू होत असे. काही आठवड्यांत चंबू भरला की तो तापवून सगळे जिवाणू मारले जात. वरून कार्बोलिक आम्ल घातले जाई, म्हणजे दुसरा जंतू शिरला तरी जगू नये. मांसरसासाठी गाय किंवा डुकराऐवजी शेळीचे मांस वापरले जाई, कारण ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांनाही घ्यायची होती.

या तीन महिन्यांत एक मदतनीस कामाच्या ताणाने कोलमडला, आणखी दोघे काम सोडून गेले. जानेवारीत लस तयार झाली. हाफकिन यांनी स्वतःला टोचलेली मात्रा पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

लस उपयोगी आहे हे सिद्ध कसे केले?

जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना लस घ्यायची की नाही हे विचारण्यात आले. साधारण निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही. लस टोचली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आजारी पडलेले आधीच बाधित असणार, हे उघड होते. त्यानंतरच्या दिवसांत मात्र लस न घेतलेल्या कैद्यांमध्ये आजार आणि मृत्यू दोन्ही स्पष्टपणे जास्त होते.

सर्वात नेटकी चाचणी झाली ती १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात. येथे प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली झोपणारी माणसे दोन गटांत विभागली गेली. पुढे गावातील २८ कुटुंबांत प्लेग आला. या कुटुंबांत लस घेतलेले ७१ जण होते, त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेले ६४ जण होते, त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले.

हे आकडे दोन गोष्टी सांगतात. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, घेतलेल्यांनाही प्लेग झाला. पण मृत्यूचे प्रमाण तिने कमालीचे खाली आणले. आजही फ्लूची किंवा कोविडची लस जोखताना हाच हिशेब मांडला जातो.

लोकांनी लस स्वीकारली का?

सगळ्यांनी नाही. त्या काळात सरकारबद्दल लोकांच्या मनात राग होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कोविडकाळात २०२० मध्ये वापरला गेला तो हाच कायदा. पुण्यात सैनिक घरात घुसून रुग्ण शोधू लागले, सामान बाहेर फेकू लागले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. अशा वातावरणात गोऱ्या माणसाच्या सुईवर संशय येणे स्वाभाविक होते.

हाफकिन यांचा भर स्वेच्छेवर होता. तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यामुळे खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. ओळखीच्या माणसाने पुढाकार घेतल्यावर जे झाले, ते सरकारी बळाने झाले नसते.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. एका खोलीतून सुरू झालेले काम आता देशभर लस पुरवू लागले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवण्यात आल्या.

मुल्कोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. आठवडाभराने ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळे मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

बाटली दूषित होती यात शंका नव्हती. धनुर्वाताचा जंतू तिच्यात परळला शिरला की मुल्कोवालला, हा खरा प्रश्न होता. मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली होती. कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण केले जात होते. ही पद्धत पॅरिसमध्ये रुळलेली होती, पण चौकशी आयोगाने नेमक्या याच बदलावर बोट ठेवले आणि दोष प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

निर्दोषत्व सिद्ध व्हायला पाच वर्षे का लागली?

उत्तर चौकशीच्या कागदपत्रांतच होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. शिवाय ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळलाच शिरला असता तर एवढ्या दिवसांत वाढून त्याची दुर्गंधी बाटली उघडताच आली असती. तशी दुर्गंधी आल्याची नोंद नव्हती.

मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करून नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हा विषय हाती घेतला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र छापून आले. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

ते भारतात परतले, पण परळची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही. कोलकात्यात त्यांना प्रयोगशाळा मिळाली, मात्र माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा नव्हती. ज्या कामासाठी ते भारतात आले होते तेच काम त्यांच्या हातून गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले.

या प्रकरणाची किंमत १९ कुटुंबांनी मोजली, हेही विसरता कामा नये. आज लशीच्या प्रत्येक कुपीवर बॅच क्रमांक असतो, कुपी उघडण्याचे नियम असतात आणि लसीकरणानंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची चौकशी होते. मुल्कोवालसारख्या दुर्घटनांनी ही काळजी शिकवली.

१९१८ मध्ये हीच पद्धत का चालली नाही?

मे १९१८ च्या अखेरीस मुंबई बंदरात सैनिकांना घेऊन जहाज लागले. १० जून रोजी गोदीत पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेने मात्र हाहाकार माजवला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेच्या जाळ्यावरून साथ देशभर पसरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडात अन्नटंचाई आणि ताप एकाच वेळी आले. यवतमाळ, अकोला, अमरावती या कापसाच्या पट्ट्यात हाच सुगीचा काळ होता. या साथीत भारतात १ कोटी २० लाख ते २ कोटी लोक दगावले असावेत, असे अंदाज आहेत.

अमेरिका आणि ब्रिटनसह अनेक देशांत घाईने लशी तयार करण्यात आल्या. पद्धत हाफकिन यांच्यासारखीच होती. जिवाणू वाढवायचा, मारायचा आणि टोचायचा. चूक जिवाणू निवडण्यात झाली. जर्मन संशोधक रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या घशात एक जिवाणू शोधला होता आणि तोच कारणीभूत असल्याचे मानले जात होते. प्रत्यक्षात तो संधी साधून शिरणारा दुय्यम जंतू होता. मूळ कारण एक विषाणू होता. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता आणि तुपाच्या थेंबाखाली मांसरसात वाढणारही नव्हता. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागतात.

प्लेगमध्ये शत्रूचा चेहरा आधी कळला आणि शस्त्र नंतर आले. फ्लूमध्ये शस्त्र हातात होते, पण चेहराच चुकीचा ओळखला गेला होता.

फ्लूचा विषाणू केव्हा सापडला?

अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी १९३१ मध्ये डुकरांतील फ्लूचा विषाणू वेगळा केला. १९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातील विषाणू शोधला. त्यांनी रुग्णांच्या घशातील द्राव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि फेरेटच्या नाकात सोडला. फेरेट हा मुंगसासारखा लांबट प्राणी आहे. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप आला. त्यांच्यापासून एका संशोधकालाही फ्लू झाला.

हाफकिन यांना हे पाहता आले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले होते. अखेरच्या वर्षांत ते धर्माभ्यासाकडे वळले होते. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

पुढे हा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवता येऊ लागला आणि १९४० च्या दशकात फ्लूची लस आली. आजही दंडात टोचल्या जाणाऱ्या फ्लूच्या बहुतेक लशींचे सूत्र तेच आहे. जंतू वाढवा, निष्क्रिय करा आणि शरीराला त्याची ओळख करून द्या.

मग दरवर्षी नवी लस का लागते?

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. त्यांना एच आणि एन म्हणतात. एच१एन१, एच३एन२, एच५एन१ ही नावे त्यावरूनच पडली. शरीर विषाणूला या प्रथिनांवरून ओळखते आणि विषाणू नेमका तिथेच बदलत राहतो.

बदल दोन प्रकारे होतो. पहिला हळूहळू. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना लहान लहान चुका करतो आणि दोन-तीन वर्षांत त्याचा चेहरा पुरेसा बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार असावेत हे ठरवते.

दुसरा बदल अचानक होतो. फ्लूचा जनुकीय मजकूर आठ स्वतंत्र तुकड्यांत असतो. डुकरासारख्या प्राण्याच्या एकाच पेशीत पक्ष्यांचा आणि माणसांचा विषाणू एकाच वेळी शिरला, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात. त्यातून असा विषाणू तयार होऊ शकतो, ज्याची ओळख जगात जवळपास कोणाच्याच शरीराला नसते. १९५७, १९६८ आणि २००९ च्या महासाथी अशा मिश्रणातून आल्या.

२००९ मध्ये एप्रिलमध्ये नवा एच१एन१ ओळखला गेला. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातील पहिला मृत्यू झाला. भारतीय बनावटीच्या लशी २०१० च्या मध्यास आल्या आणि १० ऑगस्ट २०१० रोजी महासाथ संपल्याचे जाहीर झाले. चेहरा लगेच कळला होता, तरी उत्पादनाला वेळ लागला.

कोणता विषाणू महासाथ आणेल, हे आधी कळते का?

निश्चित सांगता येत नाही, पण धोका जोखता येतो. शास्त्रज्ञ काही ठरावीक प्रश्न विचारतात. विषाणूचे एच प्रथिन माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींना चिकटते का? पक्ष्यांचे विषाणू ज्या कुलपात बसतात ते माणसाच्या नाका-घशातील कुलपापेक्षा थोडे वेगळे असते. तो फेरेटमध्ये हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो का? लोकांत त्याविरुद्ध आधीची प्रतिकारशक्ती आहे का? उपलब्ध औषधे त्यावर चालतात का? यावरून विषाणूंची क्रमवारी लावली जाते आणि वरच्या क्रमांकाच्या विषाणूंसाठी लशीचे बियाणे आधीच तयार ठेवले जाते.

हे संशोधन वादातीत नाही. २०११ च्या सुमारास नेदरलँड्स आणि अमेरिकेतील दोन गटांनी एच५एन१ मध्ये मोजके बदल घडवून तो फेरेटमध्ये हवेतून पसरू शकतो हे दाखवले. धोका आधी कळावा म्हणून हे प्रयोग आवश्यक आहेत, असे एका बाजूचे म्हणणे होते. असा विषाणू प्रयोगशाळेतून निसटला तर काय, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. संशोधकांनी काही काळ काम थांबवले आणि त्यानंतर नियम कडक झाले. मुल्कोवालच्या बाटलीने विचारलेला प्रश्नच येथे पुन्हा उभा राहतो. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जे जाते त्याची जबाबदारी कोणाची आणि ती तपासणार कोण?

महाराष्ट्रात धोका कितपत?

देशातील कोंबड्यांमधील पहिला एच५एन१ उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदवला गेला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, तपासणीत एच५एन१ आढळला. गोरेवाडा यवतमाळपासून काही तासांच्या अंतरावर आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरसारखे वाघांचे अभयारण्य आहे. पक्ष्यांतील विषाणू सस्तन प्राण्यांत उतरतो, तेव्हा शास्त्रज्ञ त्याकडे अधिक बारकाईने पाहतात. मात्र एच५एन१ माणसाकडून माणसाकडे सहज पसरत असल्याचे अद्याप दिसलेले नाही. नीट शिजवलेले चिकन आणि अंडी खाण्यास हरकत नाही.

माणसांतील नमुने तपासण्याची मोठी व्यवस्था राज्यातच आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ पासून काम करते आणि फ्लूच्या जागतिक देखरेख जाळ्याचा भाग आहे. पण ही साखळी पुण्यात सुरू होत नाही. कोंबड्या किंवा पक्षी अचानक मोठ्या संख्येने मेले, तर ते गुपचूप पुरून न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, ही तिची पहिली कडी आहे. ताप-खोकल्याच्या रुग्णांत अचानक वाढ झाली तर प्राथमिक आरोग्य केंद्राने तशी नोंद करणे, ही दुसरी. ज्येष्ठ नागरिक, गर्भवती आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात.

हाफकिन यांच्याकडून काय घ्यावे?

त्यांची लस आज वापरात नाही. प्लेगवर प्रतिजैविके आली, पुढे लशीही बदलल्या. टिकली ती त्यांची कामाची रीत. रोगाचे नेमके कारण पकडा, लस आधी स्वतः घ्या, घेतलेल्या आणि न घेतलेल्यांचा हिशेब एकाच घरात मांडा, आकडे सर्वांसमोर ठेवा. मुल्कोवालनंतर अपुऱ्या तपासावर निकाल दिला गेला, तेव्हा देशाने आपला सर्वात अनुभवी लस-संशोधक कामाबाहेर बसवला. तपास नीट झाला तेव्हा त्याच कागदांतून वेगळे उत्तर निघाले.

पुढची महासाथ फ्लूची असेल तर शत्रूचा चेहरा काही दिवसांतच कळेल, इतके विज्ञान पुढे गेले आहे. लस किती लवकर तयार होईल हे कारखान्यांवर अवलंबून राहील. ती लोक किती लवकर घेतील, हे १८९७ च्या मुंबईप्रमाणेच त्यांचा विश्वास कोणावर आहे यावर ठरेल.